पूलावरचा मूलगा

मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. शोधयंत्र चालवणाऱ्या कंपनीच्या इमारतीचा चौथा मजला, भाषा विभाग. खिडकीजवळच्या टेबलावर बसलेल्या भाषातज्ज्ञाने पडद्यावरच्या एका ओळीखाली बोट धरले आणि तो स्वतःशीच हसला. ओळ दोन शब्दांची होती: पूलावरचा मूलगा.

दोन शब्द आणि दोन चुका. 'पूल' दीर्घ खरा, पण प्रत्यय लागताच तो ऱ्हस्व होतो. 'मुलगा' तर कोणत्याही रूपात दीर्घ नाही.

तीन वर्षांपूर्वी पुलावर जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला होता. सरकारच्या लेखी तो झालाच नव्हता. म्हणून पुलाशी संबंध असलेला प्रत्येक शब्द 'निरंक' करायचा, म्हणजे तो कुणी शोधला तर उत्तरादाखल काहीच येऊ द्यायचे नाही, असा आदेश होता. लोक वळसे घेत. कुणी 'सेतू' लिही, कुणी 'नदीवरचा रस्ता'. हे वळसे हुडकून यादीत घालणे हे भाषातज्ज्ञाचे काम. शब्द तपासायचा, त्यामागचे पान उघडायचे नाही, असा विभागाचा नियम होता आणि तो त्याला सोयीचा वाटे. त्या दिवसाबद्दल त्याच्या घरीही कुणी बोलत नसे.

शोधणाऱ्याला अशा वेळी जे वाक्य दिसे, तेही त्याचेच. मूळ मसुद्यात 'काहीही सापडले नाही' असे होते. त्याने तासभर वाद घालून 'आढळले नाही' असे करून घेतले होते. सापडले म्हटले की आधी काहीतरी हरवलेले असावे लागते. आढळले म्हटले की तो प्रश्नच उरत नाही, असा त्याचा मुद्दा होता. विभागात तो बिनतोड मानला गेला.

शुद्ध रूपे यंत्राने केव्हाच अडवली होती, नेहमीच्या चुकाही अडवल्या होत्या. ही जोडचूक मात्र निसटली होती. नोंदीत नावगाव नसे. एवढेच कळत होते की वर्षभर एकाच फोनवरून हा शोध येत होता. रोज, तीनच्या सुमारास, फक्त एकदा.

"काय पंडित, एकटेच हसताय?" विभागप्रमुखांनी मागून विचारले.

"हे बघा साहेब. माणूस अडाणी आहे, पण नेम चुकवत नाही."

"कमाल आहे बुवा तुमची! नुसत्या उकारावरून माणूस धरलात."

"माणूस नाही, शब्द," त्याने दुरुस्ती केली, आणि ओळ निरंक करून टाकली.

बुधवारी संध्याकाळी तो नेहमीप्रमाणे थोरल्या बहिणीकडे गेला. ती एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. सकाळची पाळी अडीचला सुटे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईने चौथीत शाळा सोडून घर अंगावर घेतले, म्हणून धाकटा शिकला. पुढे त्याने तिच्या चिठ्ठ्या लाल शाईने तपासून तिलाच परत दिल्या होत्या. ती त्या कौतुकाने शेजाऱ्यांना दाखवी.

"आलास? बरं झालं," ताई म्हणाली. "हा फोन बघ रे जरा. माझाच काहीतरी घोळ झालाय. आज दिसतच नाहीये."

"कोण?"

"कोण म्हणजे? आपला टिल्लू."

टिल्लू म्हणजे तिचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी तो सकाळी पुलावर गेला, तो परतला नाही. जिवंत असल्याची नोंद नव्हती, मेल्याचीही नव्हती.

"कुणीतरी फोटो टाकलाय त्याचा," ती सांगू लागली. "कठड्याशी वाकून बुटाची नाडी बांधतोय. कुणाकडे तरी बघून हसतोय. पाळी सुटली की मी एकदा बघते. एकदाच हं, उगाच सारखं सारखं नाही. तुला सांगितलं नाही, तू रागावशील म्हणून."

तो समोरच्या खुर्चीत टेकला.

"तू म्हणतोस ना, ताई, तुझं ऱ्हस्वदीर्घ म्हणजे नुसता आनंद आहे. तेच नडलं असणार. आता शुद्ध कसं लिहायचं, तू लिहून दे."

तिने फोन पुढे केला. शोधाच्या चौकटीत तिने टाइप केलेली ओळ तशीच होती: पूलावरचा मूलगा.

खरे बोलण्याची ती वेळ होती. त्याने पहिला उकार ऱ्हस्व केला. मग दुसरा केला. काय येणार हे माहीत असूनही त्याने बटण दाबले.

ताईने चष्मा लावला आणि पडद्यावरचे वाक्य एकेका अक्षराखाली नख धरून वाचले. "का-ही-ही... आ-ढळ-ले... ना-ही. हे शुद्ध आहे?"

"हो."

"मग माझं अशुद्धच बरं होतं. त्यात तो होता तरी."

ती पुन्हा जुनी अक्षरे शोधू लागली. आधी लांब 'पू'. मग लांब 'मू'. तेच वाक्य पुन्हा आले. ती तिसऱ्यांदा 'पू' शोधू लागली तेव्हा त्याच्याने ते बघवेना.

"ताई, राहू दे. तुझं काही चुकलेलं नाही. ते मी बंद केलं. काल, ऑफिसात."

तिचे बोट फोनवर तसेच थांबले. एका शब्दासाठी तासभर वाद घालू शकणाऱ्या त्या माणसाला आपल्या बाजूने एकच वाक्य सुचले.

"ती तू आहेस, हे मला ठाऊक नव्हतं."

ताईने चष्मा काढला. घडी करून तो डबीत ठेवला. तिने आवाज चढवला नाही.

"म्हणजे दुसऱ्या कुणाची आई असती, तर चाललं असतं तुला."