नागेशचा शर्ट

राजनंदिनीने खुंटीवरचा शर्ट काढून रतनच्या हातात दिला.

"धुतलेला नाही ना?" तिने चुलत्याला, नागेशच्या बापाला, विचारलं.

"न्हाय," बिरदेव म्हणाला. "नागेश गेला त्याच्या आदल्या दिवशीचा हाय."

रतनने तो घातला. बरोबर बसला. नागेश आणि तो बारामतीच्या एमआयडीसीत एकाच डेअरीत कामाला होते, अंगानेही सारखेच. नागेशची एम-ऐंशी गाडी उसाच्या ट्रॉलीखाली गेली आणि तो जागीच गेला, तेव्हा त्याची आई सारजा दवाखान्यात होती. तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. डोळे शाबूत होते, पण मेंदूचा पाहणारा भाग गेला होता. धक्का बसला तर ती वाचणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून तिला सांगितलंच नाही. निमगावला घरी आणल्यापासून ती एकच विचारत होती, नागेश कुठं हाय. तो आल्याशिवाय ती घास घेत नव्हती.

राजनंदिनी बारामतीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. काल तिने रतनला त्याच्या स्वतःच्या कपड्यांत सारजाजवळ बसवलं होतं. "काकी, नागेश आलाय. घसा बसलाय, बोलता येत नाही त्याला." सारजाने त्याला ओढून मानेशी हुंगलं आणि ढकलून दिलं.

"ह्यो न्हाय."

"तोच माणूस, तीच जागा, तीच वेळ," राजनंदिनी आज म्हणाली. "फक्त शर्ट बदलायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तात्या. मग कळतं मेंदू कशावरनं ओळखतो ते. जमलं तर सरांना सांगणार आहे मी."

"त्यात काय सांगायचं? मेंढरं हुती तवा आमी ह्येच करायचो." कोकरू मेलं की बिरदेव त्याचं कातडं सोलून पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायचा. मेंढी हुंगायची आणि पाजायची. बांधताना कोकरू धरायचं काम सारजाचं असायचं.

"मेंढीला कळायचं नाही?"

"कळलं आस्तं तर पाजलं आस्तं व्हय?"

रतन आत जाऊन सारजाच्या वाकळेवर बसला. तिने हात पुढे केला. बोटं बटणांवरून खाली गेली, एका बटणाशी थांबली. ते तिने लावलेलं होतं, जाड दोऱ्याने. मग तिने नाक शर्टात खुपसलं. घाम आणि आंबलेलं दूध. तिथून मानेशी गेली. तिथं बराच वेळ राहिली.

"आलास व्हय रं मुडद्या," ती म्हणाली.

बिरदेवने दूधभाकरीची ताटली पुढे सरकवली. रतनने घास दिला. तिने तो खाल्ला.

"शर्टच होता," राजनंदिनी दारातून कुजबुजली. तिचा चेहरा फुलला होता. बिरदेवने टॉवेलने डोळे पुसले.

"आवं," सारजा म्हणाली, "कातडं कुनी बांधलं? तुमी का पोरीनं?"

रतनने दुसऱ्या घासाचा हात मागे घेतला.

"काल हुंगला हुता मी ह्याला. मानंला त्योच वास हाय."

"काकी, तसं नाही, तुम्हाला..."

"तू गप. तुजं झालं न्हवं?" सारजा आवाजाच्या दिशेनेही वळली नाही. "कोकरू जितं आस्ताना कुनी त्याचं कातडं काढत न्हाय."

बिरदेव भिंतीला टेकून खाली बसला. सारजाने चाचपत ताटली मांडीवर घेतली. भाकरी मोडली, दुधात बुडवली आणि हाताने रतनचं तोंड शोधलं.

"खा बाबा. तुजा काय दोष."

घास रतनच्या तोंडात तसाच राहिला. त्याची बोटं शर्टाच्या बटणांकडे गेली. वरचं बटण निघालं. सारजाने त्याचं मनगट पकडलं, ते बटण परत लावलं आणि दुसरा घास मोडायला घेतला.

"ऱ्हाऊ दे अंगावर," ती म्हणाली. "वास हाय तवर पाजते."