हात करणारं अस्वल

“सांगून विश्वास बसणार नाही तुमचा,” जोसाया म्हणाला, “पण या रुळांच्या कडेला एक अस्वल राहतं. गाडी आली की मागच्या पायांवर उभं राहतं आणि हात करतं.”

काचेच्या छताच्या त्या डब्यात हशा पिकला. सगळे लांबून आलेले पर्यटक. एकानं विचारलं, “तिकीटही काढतं का आजोबा?”

“काढेल की. इथल्या गार्डापेक्षा शहाणं आहे ते.”

जोसाया हसत होता, पण काठीवर आवळलेली त्याची बोटं पांढरी पडली होती. या डब्याचं तिकीट त्याच्याकडे नव्हतंच. थोड्या वेळापूर्वी तो मागच्या साध्या डब्यात गार्डाशी भांडत होता.

पुढे काळ्या नदीच्या पुलापाशी त्याची बायको हॅरिएट गाडीची वाट पाहत उभी असणार होती. त्यांचं मासेमारीचं खोपट तिथंच होतं. जोसाया भावाच्या मातीला दक्षिणेत गेला, म्हणून ती एकटी मागे राहिली. मोतीबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेल्यात जमा होते. डोळ्यांचा डॉक्टर वर्षातून एकदा उत्तरेच्या गावात येतो, तो उद्या परत जाणार होता. आज गाडी थांबली तर डोळे, नाही तर पुढल्या वर्षापर्यंत अंधार.

त्या रानात स्टेशनं नाहीत. रुळांशी उभं राहायचं, हात करायचा, गाडी थांबते. जोसायाच्या आज्यापासूनची ही रीत. या उन्हाळ्यात कंपनीनं गाडी सजवली, पर्यटक भरले आणि नियम काढला, की वाटेत चढायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करावा.

“फोन कुठून करील ती?” जोसायानं गार्डाला विचारलं होतं. “झाडांना तारा फुटल्यात का?”

“नियम मी केलेला नाही, काका.”

“मंगळवारी ती गावात लेकीकडे पोचायची होती. लेक फोनवर म्हणाली, पोचली नाही. म्हणजे मंगळवारीही तिथं उभी असणार.”

गार्डाचा चेहरा एकदम उजळला. “त्या तुमच्या मंडळी होय? आठवतात ना. दोन्ही हात हलवत होत्या. काय प्रेमळ बाई. सगळ्या प्रवाशांनी हात हलवले, फोटो काढले. मीसुद्धा हलवला.”

जोसाया बोलला असता तर काठीच बोलली असती.

तेवढ्यात गाडीचे ब्रेक लागले. डावीकडच्या दलदलीत परातीएवढ्या शिंगांचा एक मूस, म्हणजे तिकडचं थोराड सांबरच, निवांत पाणवनस्पती चघळत उभा होता. त्याच्यासाठी गाडी थांबली. मुसानं काही आदल्या दिवशी फोन केलेला नव्हता. सगळ्यांचे फोटो काढून झाले, मूस कंटाळून झाडीत गेला, मगच गाडी हलली.

तेव्हा जोसाया उठला. काठी आपटत या डब्यात आला, मधल्या खुर्चीत बसला, “मी जोसाया” एवढं म्हणाला आणि सुरू झाला.

“मादी आहे,” तो आता सांगत होता. “वय झालंय. डोळ्यांत मोतीबिंदू आलाय, गाडी दिसत नाही तिला. रुळावर पंजा टेकून बसते. रूळ थरथरला की उठते.”

“अस्वलाला मोतीबिंदू?” खिडकीशी गळ्यात दुर्बीण अडकवून बसलेल्या एका बाईनं विचारलं. “तपासला कुणी?”

“तेच तर, बाई. डॉक्टरापर्यंत पोचू देतंय कोण?”

“चिडकी आहे का हो?”

“भयंकर. सकाळी चहा मिळाला नाही तर भांडी आपटते.”

पुन्हा हशा झाला. जोसाया हसला नाही.

“मंगळवारी अशीच उभी होती. दोन्ही पंजे वर करून. गाडी तिच्या तोंडावर धूळ उडवून निघून गेली.” त्यानं काठी आपटली. “हे रान तिच्या बापजाद्यांचं. रूळ मागाहून आले. आणि तिच्याकडे बघून दात काढत निघून जाता?”

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “बिचारीसाठी घटकाभर थांबले असते तर काय बिघडलं असतं?”

“माणुसकीच उरली नाही,” शेजारचा म्हणाला.

इतक्यात गार्ड आला. “काका, तुमचा डबा मागे आहे.”

“ते राहू द्या,” मघाशी अस्वलाच्या तिकिटाची चौकशी करणारा गृहस्थ उठून उभा राहिला. “मंगळवारी अस्वलासाठी गाडी का थांबवली नाहीत?”

“कुठलं अस्वल?”

“म्हणजे पाहिलंसुद्धा नाही? आम्ही पैसे भरले ते काय झाडं मोजायला?”

गार्डानं जोसायाकडे पाहिलं. जोसाया खिडकीबाहेर पाहत होता. पुलाच्या कमानी दिसू लागल्या होत्या. अलीकडच्या झुडपांतून पांढुरकं, केसाळ असं काहीतरी उठलं, रुळांकडे वळलं, आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

डबाच्या डबा डावीकडे लोटला. गार्डानं घाईघाईनं ड्रायव्हरशी बोलायचा रेडिओ तोंडाशी धरला. “थांबव. अस्वल आहे, डाव्या अंगाला. थांबव लवकर.”

गाडी कुरकुरत थांबली. कुणाला काही कळायच्या आत जोसायानं दार ओढून उघडलं आणि खाली हात दिला. सशाच्या कातड्याचा जुना, लांब कोट घातलेली एक म्हातारी चाचपडत पायरीवर चढली. अर्ध्यावरच तिचं तोंड सुटलं.

“जोसाया, मेल्या, कुठं उलथला होतास? या गाडीतल्या गाढवांना हात करून करून माझे खांदे गेले, आणि ती गाढवं उलट मलाच हात हलवून दाखवतात. ऐकतोयस का, जोसाया?”

डब्यात एकही कॅमेरा वाजला नाही. गार्डाच्या हातातला रेडिओ विचारत होता, अस्वल केवढं आहे.

खिडकीशी बसलेल्या बाईनं दुर्बीण खाली घेतली.

“आजोबा,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “या अस्वलाला तुमचं नाव कसं ठाऊक?”