चौथी रणधीर

सुनेला मुलगी झाली त्या वर्षी 'रणधीर' ही युद्धनौका समुद्रात बेपत्ता झाली. सुनेचा नवरा तिच्यावरच होता. 'शोध चालू आहे', एवढंच नौदलवाले चार महिने सांगत होते आणि तेवढ्यावर सून तग धरून होती.

सासरा गोदीत रंगारी होता. नव्या युद्धनौकेवर नाव रंगवायची वेळ आली, तेव्हा नवा मुकादम त्याला म्हणाला, "काका, नाव 'रणधीर'च ठेवलंय. 'धी' दीर्घ काढा बरं का, नाहीतर साहेब माझंच नाव बदलून टाकतील!"

मुकादमाला त्याच्या घरचं काही ठाऊक नव्हतं.

"एका नावाच्या दोन नौका एका वेळी नसतात ना?" रंगाऱ्याने विचारलं.

"छे! आधीची संपल्याशिवाय पुढचीला नाव मिळत नाही. शिडाची गेली, कोळशाची गेली, आता तिसरीही गेलीच म्हणायची."

रंगारी शिडीवर चढला. 'धी' त्याने दीर्घच काढला.

संध्याकाळी सुनेने त्याच्या नखांतला पांढरा रंग पाहिला. "मामंजी, नव्या बोटीचं नाव काय ठेवलं?"

"अजून ठरायचंय, पोरी."

मांडीवरच्या मुलीला थोपटत ती हसली. "म्हणजे आमच्या बाईसाहेबांसारखंच! हिचंही नाव हे आल्यावरच ठेवायचंय."

त्याचा मुलगा फेब्रुवारीतच गेला होता. सुनेच्या लेखी तो जूनमध्ये गेला, नवी 'रणधीर' पाण्यात सोडताना तिने नाव वाचलं त्या सकाळी.