बालझानला मानसशास्त्र कशाला हवं

"तिला तुमच्या वर्गात घेऊ नका," शिनार म्हणाली. "रसायनशास्त्राला घाला, भूगोलाला घाला. मानसशास्त्र तेवढं नको."

झाझिरा बाईंनी थर्मासमधला दुधाचा चहा दोन वाट्यांत ओतला. शाळा नुकतीच सुटली होती. झार्केंत गावातल्या त्या शाळेत मानसशास्त्र हा जादा विषय यंदा पहिल्यांदाच सुरू होत होता आणि दहावीच्या मुलांची त्याच्यावर झुंबड उडाली होती. जागा मोजक्याच. म्हणून बाई प्रत्येकाला एकेकटं बोलावून एकच प्रश्न विचारायच्या, की हा विषय तुला कशाला हवा.

"तुम्ही बालझानच्या कोण?" बाईंनी विचारलं.

"वहिनी." शिनारने वाटी हातात धरली, पण ओठाला लावली नाही. "म्हणजे, ती मला वहिनी म्हणते."

बाईंनी आपला चहा फुंकत वाट पाहिली. वाट पाहणं हे त्यांचं निम्मं काम होतं आणि त्यात त्या पटाईत होत्या.

"मी तिची आई आहे," शिनार म्हणाली.

पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही रीत बाईंना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या थोरल्या भावालाही आजीनेच वाढवलं होतं. पण त्यांच्याकडे सगळं उघड होतं. शिनारच्या सासूने, उल्मेकेनने, मात्र तान्ह्या पोरीला आपल्या कुशीत घेतलं आणि घरादाराला शपथ घातली, की हिचं लग्न होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. पोरगी आजी-आजोबांना आई-बाबा म्हणू लागली, बापाला दादा आणि आईला वहिनी. दादा-वहिनी अल्माटी शहरात नोकरी करायचे, सणासुदीला यायचे. अख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं आणि गल्लीनेही शपथ पाळली होती, निदान सगळ्यांची तशी समजूत होती.

"मग आता भीती कसली?" बाईंनी विचारलं.

"अहो, ती आत्ताच टक लावून बघते माझ्याकडे. परवा मी सगळ्यांना चहा देत होते, तर म्हणते कशी, 'वहिनी, सगळ्यांना विचारतेस कडक हवा की दुधाळ. मला विचारतच नाहीस, तरी बरोबर देतेस.' किटली पडायची राहिली हो हातातून! न शिकता ही गत, मग शिकल्यावर आमचं बिंग फुटायला किती दिवस लागतील? सासूबाई हाय खातील. आणि पोर..." तिने वाटी खाली ठेवली. "पोर विचारेल, मला देऊन का टाकलंस? काय सांगू मी?"

"तुम्हाला द्यायचं नव्हतं?"

"एकोणीस वर्षांची होते मी. मला कोणी विचारलंच नाही." मग ती घाईघाईने म्हणाली, "सासूबाई वाईट नाहीत हं. फार लाडात वाढवलंय. गाल बघितलेत ना तिचे? माझ्याकडे राहिली असती तर इतकी गुबगुबीत झाली नसती."

ती हसली आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. बाईंना ती फार आवडली.

"वचन देत नाही," बाई म्हणाल्या. "पण तिला विचारते. कारण फालतू निघालं तर रसायनशास्त्राला पाठवते. बहुतेकांचं फालतूच असतं."

शिनारला तेवढ्यानेही धीर आला. तिने चहा संपवला, आणखी एक वाटी मागून घेतली आणि जाताना घरच्या सफरचंदांची पिशवी टेबलावर ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलं एकेक करून आत आली.

"यात गणित नसतं म्हणून," येरासिल म्हणाला.

"असतं. आकडेवारी भरपूर असते."

"मग भूगोल काय वाईट आहे, बाई?" असं म्हणून तो पळाला.

मदिनाला एक मुलगा तिचे निरोप वाचूनही उत्तर का देत नाही, ते शिकायचं होतं. "त्याला शास्त्र कशाला लागतं गं?" बाई म्हणाल्या. एक पोरगा चुळबुळत म्हणाला, "वडील माझ्यावर रागावलेले असतात की त्यांचा चेहराच तसा आहे, हे मला कळत नाही." बाईंनी त्याला ताबडतोब घेतलं.

मग बालझान आली. गाल खरंच गुबगुबीत होते. बाईंचं रात्रीच ठरलं होतं, हिला नाही म्हणायचं. पोर सुखात आहे, सगळ्यांची लाडकी आहे. झाकलेलं आहे ते झाकलेलंच राहू दे. शिनारचा रडवेला चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

"बस. सांग, मानसशास्त्र कशाला हवं?"

बालझानने उठून दार लावलं. "माझ्या घरी कळणार नाही ना, बाई?"

"नाही."

"नक्की? आमच्या घरची माणसं फार हळवी आहेत हो."

"कोणाच्या मनातलं काही ओळखायचंय का तुला?" बाईंनी जपून विचारलं.

"छे!" बालझान खळखळून हसली. "ओळखता येतं मला. पुढचं जमत नाही."

"पुढचं म्हणजे?"

बालझान खुर्ची ओढून जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "वहिनी माझी आई आहे, हे मला पहिलीत असतानाच कळलंय. पण घरातले सगळे बिचारे इतक्या जिवापाड लपवतात ना, की कोणालाही न दुखावता त्यांना हे सांगायचं कसं, तेवढं मला शिकवा."