सोमवारचा मेल

आमच्या वैद्यकीय मासिकात लेख छापण्याआधी तज्ज्ञांकडून तपासून घेतात. पूर्वी कुणी लेख अडकवला की मीच फोन करायचे, आणि लेखाआधी त्यांची गुडघेदुखी ऐकून घ्यायचे. आता दर सोमवारी कॉम्प्युटरच आठवणीचा मेल धाडतो. सुटले बाई!

तरी एका निवृत्त डॉक्टरांनी लेख दोन महिने दाबून ठेवला, तेव्हा वैतागून फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"सर, अजून वाचून झाला नाही?"

"अगं, आला त्याच दिवशी वाचला. अभिप्रायही लिहून तयार आहे."

"मग पाठवत का नाही?"

ते ओशाळून हसले.



"पाठवला, तर 'आम्ही आपली वाट पाहत आहोत' असं दर सोमवारी मला कोण सांगणार?"