थंड बंडी

धुळ्यात प्लेगची मढी उचलणारे तिघे होते. जंतू मरावेत म्हणून त्यांच्या मळकट बंड्या मंजुळाबाई पांझरेकाठी कढईत खार घालून उकळायची. तिघांतला एक तिचा नवरा, छगन.

सोमवारी रुपाची बंडी खदखदत्या पाण्यातून थंडगार निघाली. बुधवारी रुपा गेला. मग दगडूची तशीच निघाली, अन् दगडूही गेला.

आज एकट्या छगनची बंडी होती. मंजुळाबाईनं डोळे मिटून ती काठीनं उचलली, बोट लावलं आणि हात झटकला. चांगलंच पोळलं होतं. तिला रडूच फुटलं.

मागून छगन म्हणाला, "डाक्टर बोलना, धुणारीनं कापड बी उकळाले टाकानं. तुनं लुगडं कढईमाच शे वं."

तिनं काठी पुन्हा आत घातली. लुगडं वर आलं आणि त्याचं पाणी तिच्या पावलांवर पडलं.

पोळलं नाही.