मागच्या चाकाला कारचा टायर

"कारना टायर? बुलेटले?" भिकननं हातातला पाना खाली ठेवला.

"हा. मागला चाकले," भूपेंद्र म्हणाला. "घाटमा गाडीना टायर सहा महिन्यामा टक्कल व्हई जास. कारना तीन वरीस टिकी. रिम बदली टाक."

भूपेंद्र तळोद्याकडच्या केळीवाल्या घरचा. मोलगीच्या पलीकडे एका शाळेत मास्तर होता आणि रोज देवगोईचा घाट चढायचा, उतरायचा. भिकनचं टायरचं दुकान अक्कलकुव्याच्या रस्त्यावर, घाटाच्या अलीकडे होतं.

मोटारसायकलचा टायर रस्त्याला टेकतो तिथं गोल असतो. वळणावर गाडी कलली की तोही कलतो. कारचा टायर सपाट. तो कलत नाही, काठावर उभा राहतो आणि गाडीला सरळ ढकलतो. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. घाटात सरळ म्हणजे दरी.

हे भूपेंद्रला सांगणं भिकनचं काम होतं. त्यानं सांगितलं नाही. मुकाट्यानं रिम बदलली, टायर चढवला, हवा भरली.

कारण होतं चेतना. भिकनच्याच गावची. सात वर्षांपूर्वी रंजनाबाईंनी, म्हणजे भिकनच्या आईनं, तिच्या घरी शब्द टाकला होता. चेतनाच्या वडिलांनी चहा पाजला आणि विचारलं, जमीन किती? त्यापुढे बोलणं गेलंच नाही. त्याच उन्हाळ्यात चेतना भूपेंद्रच्या घरी गेली. भिकननं लग्न केलंच नाही.

टायर बसवल्यावर भूपेंद्र दर पंधरा दिवसांनी हवा बघायला थांबू लागला. त्याला बोलायची हौस होती आणि भिकनला ऐकल्याशिवाय राहवत नसे.

"चेतनाले मी उंबरठाबाहेर पाय टाकू देत नही," भूपेंद्र सांगायचा. "वावर नही, बाजार नही. समदं मी लई येस."

हँडलला बहुतेक वेळा बांगड्यांचा पुडा अडकवलेला असे.

"मागला महिनामाच लिन्यात ना बांगड्या?" भिकननं एकदा विचारलं.

"दर महिनाले लागतस," भूपेंद्र हसला. "घरनी लक्ष्मीना हात रिकामा बरा दिखस का?"

तो गेल्यावर भिकन बराच वेळ एकाच ट्यूबवर कानस घासत बसला. आपण तिला काय दिलं असतं? पंक्चरच्या सोल्यूशनचा वास येणारं घर, आणि वर्षाकाठी एखादी साडी. त्या घरात ती राणीसारखी बसली होती, आणि हा माणूस तिच्यासाठी दर महिन्याला बांगड्या निवडत होता.

सकाळी बुलेटचा धडधडाट घाटाकडे जाई. मग भिकनचं अर्धं लक्ष रस्त्याकडे. वरून येणारी जीप दुकानापाशी थांबली की तो ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचा. संध्याकाळी धडधडाट परत येई. भूपेंद्र हात हलवून पुढे जाई. भिकन हात हलवायचा आणि खाली बघायचा.

दोन वर्षं गेली. टायरची नक्षी अजून चांगली खोल होती. भूपेंद्र म्हणायचा, "तुन्हा हातले यश शे, भिकन."

गेल्या जूनमध्ये, शाळा उघडल्या होत्या पण पाऊस लांबला होता तेव्हा, रंजनाबाई मोलगीच्या बाजाराला गेल्या. दुपारी भिकनचा फोन वाजला.

"तुन्ही मायले चक्कर ऊनी," भूपेंद्र बोलत होता. "छातीमा दुखस म्हणस. जीप भेटी नही ऱ्हायनी. गाडीवर बसाडी ली येस."

"नको!" भिकन ओरडला. "मास्तर, गाडीवर नको, थांब—"

फोन बंद झाला होता. पुन्हा लावला, लागला नाही.

भिकन रस्त्यावर येऊन उभा राहिला. ऊन डोक्यावर होतं. घाटातली सगळी वळणं त्याला पाठ होती. एकेका वळणावर त्याला तो टायर काठावर उभा राहिलेला दिसत होता, आणि मागं बसलेली, भूपेंद्रच्या कमरेला धरून ठेवलेली आई. त्यानं आयुष्यात कधी केला नव्हता तो नवस बोलून टाकला.

पाऊण तासानं बुलेट आली. आई तशीच घट्ट धरून बसली होती. तिघं सरळ डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

घरी आल्यावर रंजनाबाई खाटेवरून म्हणाल्या, "सोनासारखा मानूस शे रे. चेतनानं नशीब चांगलं."

दुसऱ्याच दिवशी भिकननं भूपेंद्रला थांबवलं.

"गाडी दे. हाऊ टायर काढनं शे."

"अरे, अजून वरीसभर जाई!"

"पाऊस येई ऱ्हायना. घसरी. माले इचारू नको, दे."

त्यानं जुनी रिम शोधून काढली, गोल टायर बसवला, चाक दोनदा फिरवून बघितलं. भूपेंद्र घाटाकडे गेला. त्या संध्याकाळी भिकननं रस्त्याकडे बघितलं नाही. दोन वर्षांनी पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

चौथ्या दिवशी भर दुपारी चेतना दुकानासमोर येऊन उभी राहिली. एकटी. उन्हातून चालत आलेली, पदर मनगटापर्यंत ओढलेला. लग्नानंतर तो तिला इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होता. ती वाळली होती.

"भिकनभाऊ, गाडीना टायर तुम्हीन बदला?"

"हा." भिकनला हसू आलं. ती आभार मानायला आली होती. "आते काळजी करू नको. तो टायर घाटले बरा नव्हता."

चेतना घाटाकडे बघत राहिली. पदर जरा सरकला तेव्हा मनगटांवर फुटलेल्या बांगड्यांचे जुने-नवे ओरखडे दिसले.

"वरीसभर मी त्यास्ना मांगे लागनी," ती म्हणाली. "तवय त्यास्नी तो बसाडा."

"तुले वाटनं व्हई, जास्ती टिकी. तुले काय ठाऊक—"

"तुले ठाऊक व्हतं ना, भिकन, का तो वळणवर कलत नही?" तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं. "मालेबी ठाऊक व्हतं."